पिंप, नाला आणि दीड वर्षाचं मूल

बुडणं म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर जुहूची लाट येते, नाहीतर लोणावळ्याचं भुशी धरण. त्याला कारणही तसंच आहे. १२ जून २०२३ रोजी बिपरजॉय चक्रीवादळाने समुद्र खवळलेला असताना जुहूला पाण्यात गेलेली चार मुलं परत आली नाहीत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि त्यांत चार मुलं होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ देशभर फिरला. अशा बातम्यांमुळे आपली एक ठाम समजूत होऊन बसली आहे: बुडायला मोठं पाणी लागतं, आणि मूल पाण्याकडे गेलं तरच बुडतं.

मुंबईतल्याच गोवंडीत चौपाटी नाही, धबधबा नाही. पूर्वेला ठाण्याची खाडी आहे खरी, पण मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड आणि तिवरांचा चिखल आडवा येतो. तरीही या वस्तीत पाण्याचा धोका आहे आणि तो सगळ्यांत लहान मुलांना आहे, कारण इथे मूल पाण्याकडे जात नाही. पाणीच घरात येऊन बसलेलं असतं.

ते का येऊन बसलं, हे कळायला वस्तीचा थोडा इतिहास लागतो. देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली १९२७ साली. शिवाजीनगर, बैंगनवाडी या वसाहती सत्तरच्या दशकात शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या झोपडीवासीयांसाठी दलदलीवर भराव टाकून आखल्या गेल्या. दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट, मध्ये अरुंद गल्ल्या, रोडला नंबर आणि प्लॉटला नंबर. पुढे कडेकडेने रफीकनगरसारख्या वस्त्या वाढल्या आणि त्यांच्या वाट्याला नंबरही आले नाहीत, नळही आले नाहीत. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात २४ प्रभागांमध्ये ‘एम पूर्व’, म्हणजे हाच प्रभाग, शेवटच्या क्रमांकावर होता. आता ज्या घरात नळ उघडला की पाणी येतं, त्या घरात पाणी साठवून ठेवत नाहीत. ज्या घरात पाणी दिवसातून एकदा, ठरावीक वेळेला, तेही बारीक धारेने येतं, किंवा टँकरवर नाहीतर दुसऱ्याच्या नळावर अवलंबून राहावं लागतं, त्या घरात हंडे, कळशा, बादल्या, तेलाचे कॅन आणि दोनशे लिटरचं निळं पिंप असणारच. काहींनी तर फरशीखाली टाकी बांधून घेतलेली असते. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत पिंप कुठे ठेवणार? मोरीत, नाहीतर दाराबाहेर. दोन्ही ठिकाणं रांगत्या मुलाच्या वाटेतली.

पाणी येतं तेव्हा गल्लीत काय होतं ते नीट पाहायला हवं, कारण या प्रकरणातली सगळी गोम त्या अर्ध्या-पाऊण तासात आहे. कोणीतरी ओरडतं, ‘पानी आया!’ मोटारी सुरू होतात, पाइप सोडले जातात. घरातली बाई एका हाताने पाइप धरून असते, थोरली मुलगी भरलेल्या कळशा आत नेते, शेजारणीशी नंबरावरून वाद चाललेला असतो. पिंपाचं झाकण काढून बाजूला भिंतीला टेकवलेलं असतं, कारण पाइपचं तोंड आत सोडायचं तर झाकण बसत नाही. म्हणजे एरवी बंद असणारं पिंप नेमकं तेव्हा उघडं असतं आणि एरवी मुलावर असणारी नजर नेमकी तेव्हा पाण्यावर असते. त्यात धाकट्याला उभं राहायला शेजारी एक पालथी बादली मिळाली, की सगळं जुळून आलं.

दीड वर्षाच्या मुलाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. मोठ्या माणसाचा तोल कमरेपाशी सावरला जातो. तान्ह्याचा तोल त्याहून बराच वर, छातीच्या बाजूला असतो. काठावर ओणवं होऊन आत हात घातला की डोकं पुढे जातं, पाय सुटतात आणि मूल उलटं होतं. त्याच्या दंडांत स्वतःला मागे रेटण्याइतकी ताकद नसते आणि बादली पाण्याने जड असली तर ती कलंडतही नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुमारे एकोणीस लिटरच्या, आपल्या रंगाच्या डब्यासारख्या बादल्यांवर बाळ बुडण्याचा इशारा छापला जाऊ लागला, तो याच कारणाने. तिथे बळी पडणारी बहुतेक मुलं नुकती उभी राहू लागलेली, वर्षाच्या आगेमागेची होती. काही इंच पाणी पुरतं, नाक आणि तोंड बुडण्याइतकं. अर्धं भरलेलं पिंप भरलेल्यापेक्षा कमी धोक्याचं, हा हिशेबही चुकीचा आहे. पाणी खाली असलं की मूल जास्त वाकतं.

आणि आवाज होत नाही. हे वाक्य प्रत्येक आईबापाने दोनदा वाचावं. सिनेमातला बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात ओरडायला श्वास लागतो, आणि बुडणाऱ्याला नेमका तोच मिळत नसतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षकाचं काम केलेल्या फ्रान्सेस्को पिया यांनी सत्तरच्या दशकात बुडणाऱ्यांच्या हालचालींचं बारकाईने निरीक्षण केलं. माणूस पाण्यात उभाच्या उभा राहतो, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबायचा प्रयत्न करतो, तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, आणि हे सगळं वीस ते साठ सेकंदांत संपतं, असं त्यांना दिसलं. पिंपात उलटं पडलेल्या बाळाला तर तेवढीही धडपड करता येत नाही. ‘मी इथेच होते, काहीच ऐकू आलं नाही’ असं आई सांगते तेव्हा ती अगदी खरं सांगत असते. तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणाऱ्यांनी आधी गल्लीतला पाण्याचा नंबर लावून पाहावा.

जगाचे आकडे हेच चित्र मोठं करून दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. त्यांतली ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दफ्तरी २०२२ साली बुडून मेलेल्यांचा आकडा ३८ हजारांच्या वर होता. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिवस ठरवला, आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यासाठी एक धोरणात्मक आराखडाही काढला. आराखडे निघतात, त्याबद्दल तक्रार नाही. ते मोरीपर्यंत पोचायला मात्र वेळ लागतो.

मोरीपर्यंत पोचणारं एक खातं महापालिकेकडे आधीपासून आहे. कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात घरोघरी फिरतात, पिंपात डेंगीच्या डासाच्या अळ्या शोधतात, पिंप रिकामं करायला लावतात, तोंडाला कापड बांधायला सांगतात. डासापुरतं ते बरोबरच आहे. पण कापडाने डास अडतो, मूल अडत नाही. उलट झाकल्यासारखं दिसतं म्हणून घरातली माणसं निर्धास्त होतात. मार्च २०२४ मध्ये वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात पाच आणि चार वर्षांचे दोन भाऊ खेळता खेळता जमिनीतल्या पाण्याच्या टाकीत पडून बुडाले, तेव्हा त्या टाकीच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद होता. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेला जाब विचारला. बाग महापालिकेची होती, म्हणून प्रकरण न्यायालयापर्यंत तरी गेलं. घरातल्या पिंपासाठी कोण कुणाला जाब विचारणार?

माझ्या मते अळ्या बघायला आलेल्या माणसाच्या कागदावर आणखी एक रकाना असायला काही हरकत नाही: पिंपाला घट्ट बसणारं झाकण आहे का. निळ्या पिंपाचं मूळचं झाकण आणि ते आवळायची पत्र्याची कडी बहुतेक वेळा हरवलेली असते, कारण पिंप कारखान्यातून भंगारवाल्यामार्गे आलेलं असतं. तेव्हा पिंप विकत घेतानाच झाकण मागून घ्यावं. नसेल तर जाड फळी कापून वर दगड किंवा भरलेली कळशी ठेवावी. दोन वर्षांच्या मुलाला ती हलत नाही. झाकणाला पाइपापुरतं भोक पाडून घेतलं तर भरतानाही झाकण काढावं लागत नाही. भरून झाल्यावर त्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला की डासवाल्यांचंही समाधान. बादली वापरून झाली की पालथी घालावी, पण पिंपाशेजारी नव्हे. मोरीला गुडघ्याएवढा उंबरा किंवा आडवी फळी असली तर रांगतं मूल आत जात नाही. फरशीखालच्या टाकीच्या झाकणाला कडी आणि कुलूप हवंच.

झाकणाने अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं नजरेचं आहे, आणि त्यात बांगलादेशाकडून शिकण्यासारखं खूप आहे. तिथे घरामागे तळं असतं आणि मुलं बुडतात ती बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात. तेव्हा आई स्वयंपाकात, बाप शेतात आणि थोरली भावंडं शाळेत असतात. तिथल्या संशोधकांनी आधी ही वेळ शोधून काढली आणि मग त्या वेळेसाठी गावातल्याच एका बाईच्या घरी पाळणाघर सुरू केलं. नाव ठेवलं ‘आंचल’, म्हणजे पदर. एक ते पाच वर्षांची वीस-पंचवीस मुलं, एक प्रशिक्षित बाई, एक मदतनीस, दाराला अडसर. या पाळणाघरांत येणाऱ्या मुलांचं बुडून मरण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून जास्त घटल्याचं मोठ्या पाहणीत दिसलं. २०२२ मध्ये बांगलादेश सरकारने अशी आठ हजार केंद्रं, दोन लाख मुलांसाठी, मंजूर केली. यात यंत्र नाही, औषध नाही. आहे ती फक्त घड्याळाची अचूक नोंद.

गोवंडीचं घड्याळ पाण्याच्या वेळेवर चालतं. अंगणवाडी आहे, पण तिची वेळ सरकारी. पाणी भल्या पहाटे किंवा रात्री आलं तर तिचा उपयोग नाही. शिवाय अंगणवाडीत मूल साधारण तिसऱ्या वर्षी बसायला लागतं, आणि पिंपाचा धोका सगळ्यांत मोठा त्याच्या आधी. केंद्राची ‘पाळणा’ योजना अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायला पैसे देते. ती इथे जितकी पसरेल तितकी बरी. तोवर गल्लीतल्या गल्लीत करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. पाणी आलं की चार-पाच घरांची लहान मुलं एका खोलीत, दार लावून, एका बाईजवळ किंवा आजीजवळ बसवायची आणि तिचं पाणी बाकीच्यांनी भरून द्यायचं. हे काम आठ-नऊ वर्षांच्या ताईवर सोडू नये. ती कितीही शहाणी असली तरी तीही मूलच आहे.

अर्थात पिंप ही मूळ गोष्ट नाही, नळ ही आहे. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला: झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. नळजोडणी कायदेशीर झाली, धार मोठी झाली, वेळ भरवशाची झाली, तर दोनशे लिटरच्या जागी पन्नास लिटरवर भागतं. पाणीपुरवठ्याच्या फायलीत कुठेही ‘बालमृत्यू’ हा शब्द नसतो, पण त्या फायलीचा वेग आणि पिंपांची संख्या यांचा सरळ संबंध आहे.

मूल चालायला-पळायला लागलं की धोका दाराबाहेर जातो. नाले उघडे असतात, त्यांवर कचऱ्याचा थर साचतो आणि तो थर जमिनीसारखा दिसतो. चेंडू त्यावर पडला की मुलगा त्यावर पाय टाकतो. पावसात गटार, रस्ता आणि नाला एकाच पातळीत येतात. १० जुलै २०१९ च्या रात्री गोरेगाव पूर्वेला दोन वर्षांचंही न झालेलं मूल उघड्या गटारात पडलं. सीसीटीव्हीत ते पडताना दिसलं, पण दिवसरात्र शोधूनही सापडलं नाही. मोठी माणसंही यातून सुटत नाहीत: बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीला सापडला. पाणी लवकर ओसरावं म्हणून लोकांनीच झाकण काढलेलं होतं. त्यानंतर मॅनहोलच्या झाकणाखाली लोखंडी जाळ्या बसवायला सुरुवात झाली. आपल्या गल्लीतल्या झाकणाखाली जाळी आहे का, हे मे महिन्यातच पाहून ठेवावं आणि नसेल तर १९१६ वर तक्रार नोंदवावी. बांधकामासाठी खणलेल्या आणि पावसाने भरलेल्या खड्ड्याचंही तेच. वरून तो गुडघाभर वाटतो, आत पुरुषभर असतो, आणि कडा मातीच्या, धरायला काही नाही.

मग मे महिन्यात अर्धी गोवंडी गावी जाते. गावच्या पोरांना विहीर पाठ असते. पूर्वी पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचं हलकं लाकूड किंवा पत्र्याचा बंद डबा बांधून, कमरेला दोर लावून काका-मामा मुलाला विहिरीत सोडायचे, आणि दोर वर कुणाच्या तरी हातात असायचा. पोहणं शिकवण्याची ती पद्धत आजच्या प्रशिक्षकाला पसंत पडणार नाही, पण तिच्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या: तरंगणारी वस्तू आणि जबाबदार माणूस. मुंबईत वाढलेला मुलगा या दोन्हींवाचून चुलतभावांच्या मागे उडी मारतो. त्यात आता शेततळी आली. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ ची; दुष्काळी गावांना तिचा आधार झाला, यात शंका नाही. पण शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि पट्टीचा पोहणारासुद्धा काठापर्यंत येऊन वर चढू शकत नाही, घसरून परत आत जातो. तळ्याला कुंपण हवं आणि चारी बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठींचे दोर हवेत. गावी पोचल्यावर पहिल्याच दिवशी मुलाला हे तळं लांबून दाखवावं आणि दोर नसेल तर तळ्याच्या मालकाला, म्हणजे बहुधा आपल्याच भावकीतल्या कुणाला, स्पष्ट सांगावं.

विहिरीकाठच्या शेंदूर लावलेल्या सात दगडांबद्दलही बोलायला हवं. साती आसरा या जलदेवता खोल पाण्यात ओढून नेतात, म्हणून भर दुपारी एकट्याने विहिरीवर जायचं नाही, असं आज्या सांगत. भीतीच्या रूपाने का होईना, तो नियम मुलांना पाण्यापासून लांब ठेवत होता. पण त्याचीच दुसरी बाजू वाईट आहे. मूल बुडालं की ‘डोहाने बळी घेतला’ असं म्हणून गाव मोकळं होतं, आणि त्याच डोहाला पुढच्या वर्षीही ना कठडा, ना दोर.

पोहायला शिकवावंच. सहा वर्षांनंतर मूल ते नीट शिकतं. चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलाव गोवंडीहून लांब नाही आणि महापालिका आपल्या तलावांवर उन्हाळ्यात २१ दिवसांचे वर्ग घेते. फी मात्र रोजंदारीवरच्या बापाला परवडेल अशी नसते. पालिकेच्या शाळांतल्या मुलांना ती माफ असावी, असं मला वाटतं. मुलगा चार प्रकारे पोहतो की नाही याला महत्त्व नाही. पंचवीस मीटर कसंही जाता येणं, आणि अर्धा मिनिट जागच्या जागी तरंगता येणं, एवढं जीव वाचवण्यापुरतं जमलं पाहिजे. फीट येणाऱ्या मुलाला मात्र पोहता येत असलं तरी पाण्यात एकटं सोडू नये, आंघोळीच्या टबातसुद्धा.

आणि प्रत्येक मुलाला हे पाठ असावं: दोस्त बुडत असेल तर आपण उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. ओरडायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं, आणि काहीतरी फेकायचं. दोन ओढण्या एकमेकींना गाठ मारून, बांबू, दोर, किंवा तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. कॅनमध्ये तळाला थोडं पाणी ठेवून बूच घट्ट लावलं तर तो लांब जातो. अगदी रिकामा वाऱ्याने वळतो. दोर ओढताना आपण पालथं झोपायचं, म्हणजे आपण आत ओढले जात नाही.

मूल बाहेर काढल्यावरची पहिली पाच मिनिटं सगळ्यांत जास्त वाया जातात. कुणी पाय धरून उलटं लटकवतं, कुणी डोक्यावरून गरगर फिरवतं, कुणी पोट दाबून पाणी काढतं. पोटातलं पाणी काढून काही साधत नाही. ते घशात येऊन फुप्फुसात जाण्याची भीती मात्र असते. मुलाला हवा हवी असते. सपाट जागी उताणं झोपवा, हाक मारा, श्वास चालतो का ते दहा सेकंद पाहा. नसेल तर हनुवटी हलकीच वर करून तोंडाने श्वास द्या. बाळ असेल तर त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यावं, मोठं असेल तर नाक चिमटीत धरावं. पाच श्वास, प्रत्येक वेळी छाती वर येताना दिसली पाहिजे. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध, छातीच्या एक तृतीयांश खोलीइतकं, तीस वेळा जोरात आणि भरभर दाबायचं, मग दोन श्वास, पुन्हा तीस. बाळाची छाती दोन्ही हातांत धरून दोन अंगठ्यांनी दाबावी, मोठ्या मुलाची एका हाताच्या तळव्याने. तोंडाला फेस आला तर तो पुसत बसू नका. हृदयविकाराच्या झटक्यात नुसती छाती दाबूनही काही काळ भागतं; बुडालेल्याला श्वास द्यावाच लागतो.

त्याच वेळी दुसऱ्याने १०८ वर फोन करून रोड नंबर आणि प्लॉट नंबर सांगायचा आणि तिसऱ्याने गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं, कारण रुग्णवाहिका आत येत नाही. गोवंडीचं शताब्दी रुग्णालय जवळ आहे, घाटकोपरचं राजावाडी त्यानंतर. मूल शुद्धीवर आलं, रडलं, दूध मागू लागलं, तरी न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. डॉक्टर सहा-आठ तास थांबवून ठेवतात ते त्यासाठीच, आणि ‘आता बरा आहे’ म्हणून मध्येच उठून घरी आणू नये.